टीव्हीकडे पाठ करून बसणारे सर

टीव्ही या वस्तूचा आमच्या भूगोलाच्या सरांइतका अभ्यास केलेला माणूस अख्ख्या ठाणे जिल्ह्यात नसेल, असं मी आजही पैजेवर सांगेन. आणि याच सरांनी त्या काळात टीव्हीवरचा एकही कार्यक्रम डोळ्यांनी पाहिलेला नव्हता, हेही तितक्याच खात्रीनं सांगेन. ही दोन्ही विधानं एकाच माणसाबद्दल खरी कशी, हे समजायला ऐंशीच्या दशकातल्या, कल्याणजवळच्या मोहन्याला जायला हवं. कारखान्याच्या कॉलनीत तेव्हा टीव्ही मोजक्या घरांत होते. रविवारी संध्याकाळी सिनेमा लागला की त्या घरांत पाय ठेवायला जागा उरत नसे. आधी खुर्च्या भरत, मग सतरंजी, मग दाराबाहेर काढलेल्या चपलांवरही माणसं बसत. अशाच एका घरात, टीव्हीच्या अगदी शेजारी, स्टुलावर एक उंच, सडपातळ गृहस्थ ताठ बसलेले असत. त्यांची पाठ टीव्हीकडे आणि तोंड आमच्याकडे. पडद्यावर मारामारी चालू असो की नायिकेचं रडणं, हे गृहस्थ मान जराही न वळवता आमच्या तोंडांकडे बघत बसत. नवखा पाहुणा आला की त्याला वाटे, यांना काहीतरी शिक्षा झालेली आहे. शिक्षा वगैरे काही नव्हती. सर संशोधन करत होते.

पाठीशी सरांचं नातं तसं जुनं होतं. मी नदीकाठच्या कोळीवाड्यातली. बाबा होडी घेऊन खाडीकडे जात, आई कल्याणच्या बाजारात मासळी विकायला बसे, आणि आमच्या घरातून शाळेची पायरी चढलेली मी पहिलीच. पाचवीत कॉलनीजवळच्या मोठ्या शाळेत आले तेव्हा सरांची माझी ओळख झाली ती पाठीकडूनच. सर वर्गात येत, हजेरी घेत, खडू उचलून फळ्याकडे वळत, आणि घंटा होईपर्यंत पुन्हा आमच्याकडे वळत नसत. हातात पुस्तक नाही की भिंतीवर नकाशा नाही. नॉर्वेचा किनारा ते अशा सहजतेनं काढत, की त्यांचं बालपण तिथेच खेकडे पकडण्यात गेलं असावं असं आम्हाला वाटे. सरांचा चेहरा बाजारात दिसला तर पटकन ओळखू येईल याची मुलांना खात्री नव्हती, पण मानेवरचा तीळ आणि सदऱ्याच्या पाठीवरची इस्त्रीची घडी कुठूनही ओळखू आली असती. आम्ही त्यांना आपसात ‘पाठमोरे सर’ म्हणायचो. पाठमोरे असले तरी त्यांचा धाक होता, कारण त्यांचे कान तिखट होते. आफ्रिकेची पश्चिम बाजू काढता काढता ते शांतपणे म्हणत, “चिंच खाणाऱ्यांनी चिंचोके खिडकीबाहेर टाकू नयेत. खाली मोठ्या बाईंनी तुळस लावली आहे.” मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका.

शिकवणाऱ्यानं विषयाकडे बघावं आणि शिकणाऱ्यानंही विषयाकडेच बघावं, एकमेकांची तोंडं बघायला कुणी शाळेत येत नाही, असं सरांचं तत्त्व होतं. मला ते सोयीचं होतं. सर प्रत्येक नदी, प्रत्येक शहर मोठ्यानं उच्चारत फळ्यावर लिहीत, आणि मला ते नुसतं ऐकून लक्षात राही. तोंडी परीक्षेत मी पहिल्या पाच-सहा मुलांत असायचे. पुढे नकाशे भरायचे दिवस आले आणि माझी होडी कुठेतरी गाळात रुतली. का रुतली ते मलाही कळेना आणि कुणी विचारलंही नाही.

टीव्हीवर सरांचा राग होता तो अस्सल भूगोलाच्या माणसाचा राग होता. “डोळे दिलेत ते लांबचं बघायला,” ते म्हणत, “चार हातांवरच्या खोक्यात बघायला नव्हे.” टीव्हीनं मुलांची नजर आखूड होणार, माना पुढे येणार आणि पुढच्या पिढीला क्षितिज म्हणजे काय ते चित्र काढून समजवावं लागणार, अशी त्यांना भीती होती. कुणाकडे गेले आणि तिथे टीव्ही असला, अगदी बंद असला, तरी सर खिशातला मोठा पांढरा रुमाल काढून आधी टीव्हीवर घालत आणि मगच चहाचा कप हातात घेत. एकदा एका आजारी आजोबांना भेटायला गेले आणि निघताना रुमाल तिथेच विसरले. थोड्या वेळानं शेजारीण आली. पांढऱ्या कापडानं झाकलेलं काहीतरी आणि त्याच्याभोवती गप्प बसलेली माणसं बघून तिनं दारातच गळा काढला. आतून आजोबांनी विचारलं, “कोण गेलं?” तेव्हा ती आणखी घाबरली.

रोग सांगून सर थांबत नसत, उपायही देत. रोज प्रार्थना झाली की ते आम्हाला गच्चीवर नेऊन मलंगगडाकडे बघायला लावत. हवा स्वच्छ असली की दक्षिणेला गड दिसतो. या व्यायामाला ते ‘नजर लांबवणं’ म्हणत आणि शेवटी एकेकाला विचारत, आज काय दिसलं? सुरुवातीला सगळ्यांना नुसता डोंगर दिसे. मग चढाओढ लागली. कुणाला झाड दिसलं, कुणाला पायऱ्या, एकाला पायऱ्या उतरणारा माणूस, आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्याला त्या माणसाच्या हातातली पिशवी. सर समाधानानं मान हलवत. मी शेळी सांगायचे. पांढरी शेळी. खरं म्हणजे मला त्या बाजूला काहीतरी निळसर, पुसट दिसायचं, आणि तो डोंगर आहे की ढग तेही समजायचं नाही. पण सगळ्यांना तेवढंच दिसत असणार आणि बाकीचं ज्यानं त्यानं आपल्या मनानं घालायचं असणार, निबंधात घालतो तसं, अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

ज्या घरात सर टीव्हीकडे पाठ करून बसत ते घर कारखान्यातल्या एका सुपरवायझरचं. त्यांच्या बायकोला सगळी कॉलनी काकू म्हणे. काकू मूळच्या ठाण्याच्या, बोलणं पुस्तकातल्यासारखं स्वच्छ आणि जीभ जराशी धारदार. पण दारातून कुणाला परत पाठवलं नाही त्यांनी कधी. बसायच्या जागा मात्र कुणी न सांगता ठरलेल्या होत्या. कॉलनीतली मुलं सतरंजीवर, चाळीतली भिंतीला टेकून, आणि आम्ही कोळीवाड्यातली पोरं उंबऱ्याशी. सर पहिल्या रविवारी आले आणि म्हणाले, मला टीव्हीचा परिणाम तपासायचा आहे, तेव्हा मी परिणाम होणाऱ्यांकडे बघेन. काकू म्हणाल्या, “अहो सर, एकदा वळून बघितलंत तर मान नाही हो मोडणार.” सर म्हणाले, “तुम्ही टीव्ही बघा, काकू. मी तुम्हाला बघतो.” यावर काकूंनी पदर सारखा केला आणि पुढचा महिनाभर त्या नवऱ्याच्या आड बसल्या. कॉलनीतले एक रांगडे फोरमन सिनेमातली आई मेली की हमखास रडत. सर समोर बसायला लागल्यापासून त्यांना त्याच ठिकाणी खोकल्याची उबळ यायला लागली.

हळूहळू सगळ्यांना सरांची सवय झाली आणि सरांना चेहऱ्यांची. आमची तोंडं बघून ते पुटपुटत, “खलनायक आला वाटतं,” किंवा “आता गाणं,” आणि ते बरोबर असे. सोमवारी वर्गात ते कालच्या सिनेमाची जी गोष्ट सांगत, ती आम्ही पाहिलेल्या सिनेमापेक्षा चांगली असायची. क्रिकेटचा सामना त्यांनी एकही चेंडू न बघता पाहिला आणि असा रंगतदार सामना झालाच नाही असं सांगत फिरले. चेहऱ्यांचे त्यांनी प्रकार पाडले होते: जागे, थिजलेले आणि गळलेले. मारामारीला चेहरे थिजतात, बातम्यांना मोठ्यांचे गळतात, जाहिराती लागल्या की लहान मुलं खडबडून जागी होतात. या शेवटच्या निष्कर्षानं ते फार खिन्न झाले होते. पण एकदा समुद्राखालच्या जगाविषयी काहीतरी लागलं. काळ्यापांढऱ्या पडद्यावर मासे इकडून तिकडे जात होते आणि निवेदक इंग्रजीत बोलत होता, त्यामुळे कुणाला काही कळेना. उंबऱ्यावरून आमच्यातला एकजण बोलला, ती पाखट. दुसरी म्हणाली, ती वाम, ती चावते. कॉलनीतली मुलं मागे वळून विचारायला लागली, हा कुठला, तो कुठला. कार्यक्रम संपला तेव्हा आम्ही उंबऱ्याशी नव्हतो, सतरंजीच्या मधोमध होतो. तिथे आम्ही कधी पोचलो ते आम्हालाही समजलं नव्हतं. सर मात्र स्टुलावर बसून बघत होते. जाताना काकूंना म्हणाले, “आजच्याला मी नाव ठेवू शकत नाही.” त्यांना त्याचं जरा वाईटच वाटत होतं.

मी आठवीत गेले त्या वर्षी कॉलनीच्या गणेशोत्सव मंडळानं शाळेला टीव्ही भेट दिला. चित्रकलेच्या खोलीत टेबलावर तो ठेवला, मोठ्या बाईंनी नारळ फोडला आणि रीतीप्रमाणे हळदकुंकू वाहिलं ते नेमकं काचेच्या मधोमध. तो डाग पुढे निघाला नाही. त्यामुळे आमच्या शाळेत बातम्या देणारे, विज्ञान शिकवणारे आणि इंग्रजीचे पाठ घेणारे सगळे गृहस्थ कपाळाला नाही तर नाकाला कुंकू लावलेले दिसायचे. दुपारी शाळांसाठीचे कार्यक्रम लागत ते आम्हाला दाखवायचे असं ठरलं. सरांनी कडाडून विरोध केला. पण त्यांचा रुमाल एकच आणि मोठ्या बाईंचा निश्चय मोठा. मग सहामाहीत आठवीचे निकाल घसरले. मुलं वर्गात जाहिरातींची गाणी म्हणतात, डोळे चोळतात, अशा पालकांच्या तक्रारी आल्या. टीव्ही ठेवायचा की मंडळाला परत करायचा, हे ठरवायला शाळा समितीची बैठक लागली. सरांइतका या विषयातला जाणकार दुसरा कुणी नसल्यामुळे मत त्यांनीच मांडावं असं ठरलं.

सरांना पुरावा हवा होता, आणि त्याच रविवारी काकूंच्या घरी त्यांना तो सापडला. तो पुरावा मी. मी उंबऱ्याशी बसून डोळे बारीक करून, मान तिरकी करून, वरचा ओठ दुमडून टीव्ही बघत होते. सरांनी दोन-तीन रविवार माझ्यावर नजर ठेवली. मग शाळेतले माझे नकाशे काढून बघितले. पाचवीत बरी असलेली मुलगी आठवीत नकाशा भरू शकत नाही, आणि टीव्हीसमोर हिचे डोळे मिटायला आलेले असतात. सरांच्या दृष्टीनं गणित सुटलं. एका संध्याकाळी ते आमच्या घरी आले. कोळीवाड्यात सर! आईनं घाईघाईत जाळं बाजूला करून चटई टाकली. सरांनी बाबांना सांगितलं, “नाखवा, मुलीचे डोळे टीव्हीनं बिघडताहेत. वेळीच सावरायला हवं.”

बाबा शांतपणे ऐकून घेत होते. शाळेतला मास्तर घरी चालत येऊन सांगतो म्हणजे गोष्ट साधी नाही, हे त्यांनी ओळखलं, आणि त्यांच्या पद्धतीनं सरळ उपाय काढला. म्हणाले, “मास्तर, घरान् टीवी नाय. काकूंकडं नको जाऊ सांगतलं तं नाय जानार ती. पन तुमचे शालेन् बी टीवी हाय. मंग शाला बी नको.” आतून आई म्हणाली, “आटवीन् गेली ना, पुरे आता. डोले गेले तं सून म्हनून पोर कोन करल?” सर दचकले. ते टीव्ही घालवायला आले होते आणि बाबांनी शाळाच घालवली होती. मी खांबाशी उभी होते. पुढे काय व्हायचं ते मला माहीत नव्हतं, पण नववीत जायचं होतं एवढं नक्की माहीत होतं. सरांनी माझ्याकडे बघितलं आणि घाईनं म्हणाले, बैठक होईपर्यंत थांबा. मी शाळेतून टीव्ही घालवतो, मग तर हरकत नाही? बाबा म्हणाले, मग बघू. त्या दिवसापासून शाळेतला टीव्ही जाणं किंवा राहणं हा माझ्यापुरता विज्ञानाचा प्रश्न राहिला नाही. तो गेला तर मी शाळेत राहणार होते.

बैठक चित्रकलेच्या खोलीतच भरली. समितीचे अध्यक्ष, मोठ्या बाई, पालकांच्या वतीनं काकू आणि आणखी दोघं-तिघं. बाबांनाही बोलावलं होतं. ते सवयीनं उंबऱ्याशीच उभे राहिले. सर त्या दिवशी लोकांकडे तोंड करून बोलले आणि त्यामुळे फारच अडखळले. थिजलेले चेहरे, गळलेले चेहरे, आखूड होणारी नजर असं सगळं सांगून झाल्यावर ते म्हणाले, आता मी प्रत्यक्षच दाखवतो. माझी उंची जास्त म्हणून माझी जागा वर्गात शेवटच्या बाकावर असे, तशी त्यांनी मला तिथेही शेवटच्या बाकावर बसवलं आणि टीव्ही लावला. कपाशीवरच्या किडीविषयी कुणीतरी बोलत होतं, कुंकू लावून. मी बघायला लागले, आणि नेहमीप्रमाणे डोळे बारीक केले, मान तिरकी केली.

“पाहिलंत?” सर म्हणाले. “हे टीव्हीनं केलेलं आहे.”

सगळे हळहळले. अध्यक्ष तर टीव्ही उचलूनच न्यायच्या तयारीत होते. एवढ्यात काकूंनी विचारलं, “पण सर, टीव्ही बंद असताना ती कशी बघते?”

“नीटच बघत असणार.”

“असणार म्हणजे? तुम्ही पाहिलंय का?”

सरांना हा प्रश्न अगदी निरर्थक वाटला. पण संशोधकानं शंका टाळू नये म्हणून त्यांनी टीव्ही बंद केला आणि मला बाजूचा फळा दाखवला. त्यावर त्यांनीच सकाळी काढलेला नकाशा होता. “नद्या वाच,” ते म्हणाले. मला भूगोलाची भीती नव्हती. मागच्याच आठवड्यात वर्गात नद्या ऐकल्या होत्या. मी उभी राहून खणखणीत आवाजात सुरुवात केली: तापी, पूर्णा, गोदावरी, प्रवरा, भीमा. फळ्याकडे पाठ करून उभ्या असलेल्या सरांचा चेहरा खुलला. उच्चार स्पष्ट, क्रम बरोबर. मी कृष्णेपर्यंत आले तेव्हा मोठ्या बाई हलक्या आवाजात म्हणाल्या, “अहो सर, फळ्यावर दक्षिण अमेरिका आहे.”

कुणीतरी हसलं. सर हसले नाहीत. ते वळून फळ्याकडे बघत राहिले, मग माझ्याकडे, मग परत फळ्याकडे. एवढ्या वेळा मागेपुढे वळताना त्यांना मी कधी पाहिलं नव्हतं. मग ते मागे माझ्या बाकापर्यंत चालत आले आणि मला एक बाक पुढे बसवलं. “आता?” मी नाही म्हणून मान हलवली. आणखी एक बाक पुढे. “आता?” अजून पुसट. असं करत करत मी पहिल्या बाकाशी आले, तिथूनही उठून फळ्यापासून हातभर अंतरावर उभी राहिले, आणि मग मला दिसलं. एका जाड रेघेला केवढ्या तरी बारीक फांद्या फुटल्या होत्या आणि प्रत्येकीवर नाव होतं. सर तासभर फळ्याशी हे काढत असत, हे मला माहीतच नव्हतं. मी वाचलं, “ॲमेझॉन.”

“तुला हे असं कधीपासून दिसतं?” सरांनी विचारलं.

“पहिल्यापासून.”

“मग बोलली का नाहीस ग?”

“सगळ्यांना असंच दिसतं ना, सर?”

सर जवळच्या बाकावर बसले. लहान मुलांचा बाक तो, त्यांचे गुडघे छातीपर्यंत आले. मग ते म्हणाले, “पाचवीपासून ही मुलगी माझ्या वर्गात आहे. पाचवीपासून. आणि हिचा चेहरा मी पहिल्यांदा नीट पाहिला तो काकूंच्या घरी, स्टुलावर बसून.”

उंबऱ्याशी उभे असलेले बाबा गोंधळले होते. त्यांनी विचारलं, “मंजे मास्तर, टीवीनी काय केला नाय?”

“केलं ना, नाखवा,” सर म्हणाले. “त्यानं मला वळवलं.”

त्यानंतर सरांनी स्वतःचं मत स्वतःच खोडून काढलं, आणि मांडलं होतं त्यापेक्षा जास्त उत्साहानं. टीव्ही राहू दे, म्हणाले. पण खिडक्या उघड्या ठेवून, दिवा लावून, एका वेळी एकच कार्यक्रम, आणि तो संपला की मुलांनी गच्चीवर जायचं. बाकांच्या रांगा दर आठवड्याला बदलायच्या. आणि टीव्ही चालू असेल तेवढा वेळ एक शिक्षक टीव्हीकडे पाठ करून, मुलांकडे तोंड करून बसेल. अध्यक्षांना ही शेवटची अट समजली नाही, पण मंजूर झाली. सरांनी बाबांसमोर जाऊन हात जोडले आणि डोळ्यांच्या डॉक्टरकडे मी स्वतः घेऊन जातो म्हणाले. बाबांची अडचण शाळेवरून उठली ती आता चष्म्यावर येऊन बसली. “चष्म्याची पोर कोन करल, मास्तर?” सर म्हणाले, “ज्याला स्वतःला नीट दिसतं तो करेल.” बाबा हसले. मला वाटतं, त्या हसण्यातच माझी नववी झाली.

कल्याणला जाऊन मला जाड काचांचा चष्मा लागला. दुसऱ्या दिवशी मी गच्चीवर गेले आणि मलंगगडाला कड असते हे मला पहिल्यांदा दिसलं. आभाळ जिथे संपतं तिथे ती स्वच्छ सुरू होत होती. मी कितीतरी वेळ बघत राहिले. झाडं दिसेनात, पायऱ्या दिसेनात, पिशवीवाला माणूस तर नाहीच. मी सरांना जाऊन सांगितलं, “सर, इथून शेळी दिसणं शक्यच नाही.” सर म्हणाले, “माहीत आहे मला. पण तुम्ही शोधत होतात ना? शोधणाऱ्याला मी नाही कशाला म्हणू?”

सर बदलले, पण ते त्यांना सोपं गेलं नाही आणि आम्हालाही. घंटेच्या आधीच येऊन ते सगळा नकाशा काढून ठेवत आणि मग आमच्याकडे तोंड करून उभे राहत. पहिले काही दिवस दोन्ही बाजूंना एवढा संकोच वाटे की आम्ही खाली बघायचो आणि सर खिडकीकडे. चिंचा खाणं बंद झालं. पण सरांना एकेक गोष्ट दिसायला लागली. कुणाचे ओठ सुकलेत, कुणाला नवा भाऊ झालाय, कोण हसता हसता मध्येच थांबतो. त्या वर्षी शाळेत आणखी काही मुलांना चष्मे लागले, आणि सरांनी त्या सगळ्यांचं श्रेय बिनदिक्कत टीव्हीला दिलं. काकूंकडे मात्र ते दर रविवारी येतच राहिले. काकूंनी मला सतरंजीवर, अगदी पुढे बसायला सांगितलं होतं. मी सरांच्या पायाशी बसून सिनेमा बघायचे आणि मधूनच वर बघितलं तर सर माझ्याकडे बघत असायचे. “नीट दिसतंय?” ते विचारत. मी मान हलवली की ते पुढच्या चेहऱ्याकडे वळत.

मी नववी झाले, मॅट्रिक झाले, आणि आमच्या कोळीवाड्यातली पहिली पदवीधर झाले. पदवीचा कागद बाबांनी उलटासुलटा करून बघितला आणि विचारलं, हे सरांना दाखवलं का? बी.एड. करून मी ठाण्याला वागळे इस्टेटच्या बाजूच्या एका शाळेत शिक्षिका म्हणून लागले. तोवर नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं. आमच्या शाळेत कॉम्प्युटर आले, अगदी थोडे, एका खोलीत भिंतीला लावलेल्या लांब टेबलावर. त्या खोलीत चपला बाहेर काढून जायचं असा नियम होता. आणि परत तेच बोलणं सुरू झालं: डोळे जाणार, माना वाकणार, मुलं खेळणार नाहीत, आणि उलट बाजूनं, कॉम्प्युटर शिकली नाहीत तर मागे पडणार. मला दोन्ही बाजू पटत होत्या. मग मला आठवलं की या विषयातला जिल्ह्यातला सर्वांत मोठा जाणकार निवृत्त होऊन डोंबिवलीला राहतो. मी त्यांना बोलावलं.

सर एसटीनं ठाण्याच्या खोपट स्थानकावर उतरले, हातात तोच मोठा रुमाल. थकले होते, पण ताठ होते. खोलीत आल्याबरोबर त्यांची पंचाईत झाली. टेबल भिंतीला टेकलेलं, मुलं टेबलाकडे तोंड करून, मग यांनी बसायचं कुठे? त्यांनी आमच्या शिपायाला बोलावलं आणि ते अख्खं टेबल वायरींसकट हातभर पुढे ओढायला लावलं. मग मागच्या फटीत एक खुर्ची घालून, भिंतीला पाठ लावून, कॉम्प्युटरच्या मागून ते मुलांकडे बघत बसले. मुलांना आधी हसू आलं, मग ती विसरली. मी दारात उभी राहून सरांचे डोळे एका चेहऱ्यावरून दुसऱ्यावर जाताना बघत होते. तास संपला, मुलं उठली. सर धुळीनं माखलेला सदरा झटकत बाहेर आले.

“काय वाटतं, सर?” मी विचारलं. “चांगलं की वाईट?”

“ते मग बोलू,” सर म्हणाले. “डावीकडून दुसरी मुलगी बसली होती ना, ती आज उपाशी आली आहे. आधी तिला काहीतरी खायला दे.”

मी त्या मुलीला रोज शिकवत होते. तिला हाक मारून माझा डबा दिला. ती आधी नको म्हणाली, मग भिंतीकडे तोंड करून भराभर जेवली. सर तोवर व्हरांड्यात उभे राहून लांब, येऊरच्या डोंगराकडे बघत होते. कॉम्प्युटरविषयी आमचं बोलणं त्या दिवशी राहूनच गेलं. त्यांना एसटीत बसवून दिलं तेव्हा खिडकीतून त्यांनी एवढंच विचारलं, “तुझा नंबर वाढला तर नाही ना?”

ते पुन्हा ठाण्याला आले नाहीत. पुढच्या वर्षी त्यांच्या जाण्याचं कळलं तेव्हा मी डोंबिवलीला जाऊन आले. घरात टीव्ही होता आणि त्यावर पांढरा रुमाल घातलेला होता.

कॉम्प्युटरच्या खोलीत त्यांची खुर्ची अजून आहे. दर सुट्टीत साफसफाई होते आणि शिपाई टेबल पुन्हा भिंतीला लावून ठेवतो, तेच नीट दिसतं म्हणतो. शाळा उघडली की पहिल्या तासाला मी ते हातभर पुढे ओढते आणि मागे जाऊन बसते.